काकूंची ‘तपन’ मी खोडली. आता काय करू?

बर्डीवरचा | रविवार, रात्री १०:१२

मंडळी, एक चूक करून बसलोय. आधी ऐकून घ्या, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला.

आमचा आठ-नऊ जणांचा गट आहे. महिन्यातून दोन रविवारी नागपूरच्या प्रतापनगरात एकाच्या गच्चीवर जमतो. उन्हाळ्यात गच्ची रात्री नऊलासुद्धा निवत नाही, म्हणून मग खाली हॉलमध्ये, कूलरसमोर. प्रत्येकानं आपली एक कविता वाचायची आणि बाकीच्यांनी बोलायचं, असं ठरलेलं आहे. बोलणं म्हणजे ‘वा’, ‘मस्त’, ‘शेवट भारी’ आणि मग चिवडा. त्यात मी जरा जाणकार समजला जातो, कारण बरीच वर्षं मुद्रितशोधन केलं. कागद दिसला की हातात लाल पेन आपोआप येतो.

एप्रिलमध्ये एक काकू नव्यानं आल्या. वय साठीच्या पुढे, माहेर हिंगणघाटकडचं, आता मुलाकडे मानेवाड्याला राहतात. कविता जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली होती. त्यांना विचारून इथे देतोय:

सपरीत बसून माय
कापसातली सरकी काढते.
तपन पायरी पायरीनं
उंबरठ्यापाशी येते
अन् इचारते,
आत येऊ काय?

जीवनाच्या वाटेवरती
काटे तिने सोसले,
त्यागाच्या या मूर्तीने
सुखाचे मळे पोसले.

वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या. दोघं-तिघं ‘अप्रतिम’ म्हणाले. मी म्हटलं, काकू, कागद द्या, जरा हात फिरवून देतो. ‘माय’चं ‘आई’ केलं, ‘इचारते’चं ‘विचारते’ केलं, ‘तपन’ला गोल करून वर ‘ऊन’ लिहिलं. ‘सपरीत’चं ‘ओसरीत’. दुसऱ्या कडव्याला मात्र शेजारी बरोबरची खूण केली आणि लिहिलं, ‘यमक चांगले साधले आहे.’ आज ती खूण आठवली की कानाच्या पाळ्या गरम होतात.

काकू काही बोलल्या नाहीत. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. पुढच्या दोन्ही रविवारी आल्या नाहीत. काल फोन केला. म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही सुधारून देल्ली थे चांगलीच झाली असन. पण थे माह्या मायची नाही राह्यली.”

मी विचारलं, बाकीच्यांचं बोलणं तरी आवडलं का? तर त्यांना कोण काय म्हणालं ते आठवतच नव्हतं. एकच आठवत होतं. कोपऱ्यात एक इंजिनिअरिंगचा पोरगा बसला होता, त्यानं चिवडा खाताना विचारलं होतं, “काकू, सरकी कशासाठी काढायची?” नेमकं त्याच वेळी कोणीतरी चहा आणला आणि उत्तर राहून गेलं.

तर विचारायचं असं: दुसऱ्याच्या कवितेवर नक्की बोलायचं काय, आणि कसं? कविता इथे दाखवू का असंही त्यांना विचारलं. म्हणाल्या, “दाखवा, पण सुधारून नोका दाखवू.”

---

तर्रीपोहे | रात्री १०:३१

भाऊ, कवितेच्या बैठकीत लाल पेन? तुम्ही काय पेपर तपासायले जाऊन राहिले का?

आणि ‘ऊन’ बुलढाण्यातही पडते हो. ‘तपन’ मे महिन्यात दुपारी दोन वाजता व्हेरायटी चौकात सिग्नलला उभं राहून समजते.

---

लगागा | रात्री ११:०५

सगळे आता बर्डीवरच्या भाऊंवर तुटून पडतील म्हणून मी थोडी दुसरी बाजू मांडतो.

चूक दाखवणं हाही प्रेमाचाच प्रकार आहे. गझलेत तर ही रीतच आहे. शागिर्दानं उस्तादाला गझल दाखवायची, उस्तादानं ‘इस्लाह’ करायची, म्हणजे दुरुस्ती. मराठीत सुरेश भटांनी नव्या लिहिणाऱ्यांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, पोरापोरींना ती पाठवली. रेशीमबागेतल्या ज्या सभागृहाला आज त्यांचं नाव आहे तिथं मुशायऱ्यात आपण ‘क्या बात है’ ओरडतो, पण त्यांनी स्वतः नवोदितांना काफिया (म्हणजे यमक) आणि अलामत (यमकाआधीचा न बदलणारा स्वर) समजावत बसण्याचं किचकट काम केलं. नुसती वाहवा करून मोकळे झाले नाहीत.

पण इस्लाहमध्ये दोन गोष्टी असतात. शागिर्द स्वतः कागद घेऊन येतो. आणि उस्ताद बोट ठेवतो ते नेमक्या जागेवर.

एक उदाहरण देतो. गेल्या महिन्यात एका मुलीनं भुजंगप्रयातातली ओळ पाठवली:

तुझ्या आठवणींचा पसारा किती हा

भुजंगप्रयात म्हणजे लगागा चार वेळा, बारा अक्षरं. ‘ल’ म्हणजे लघु, आखूड अक्षर; ‘गा’ म्हणजे गुरू, लांब अक्षर. मनाचे श्लोक ज्या चालीत आपण शाळेत म्हटले तेच वृत्त. मी तिला ‘वृत्त चुकलंय, अभ्यास वाढव’ असं लिहू शकलो असतो. पूर्वी असंच लिहायचो, आणि तीन जणांनी माझ्यामुळे लिहिणं सोडलं असेल. या वेळी लिहिलं, “ही ओळ मनाच्या श्लोकाच्या चालीत मोठ्यानं म्हण. माझी जीभ ‘आठवणीं’मधल्या ‘ठव’ला अडकते. तुझी अडकते का बघ.” दोन लघु शेजारी आलेत, तिथं लघूनंतर लगेच गुरू हवा. मी सांगितलं नाही. तासाभरात तिचंच उत्तर आलं:

तुझ्या आठवांचा पसारा किती हा

बारा अक्षरं, चारही लगागा जागेवर. शब्द तिचा, सुधारणाही तिची. मी फक्त जीभ कुठे अडकली ते सांगितलं.

काकूंची कविता मुक्तछंदातली आहे. तिथे ही पट्टी घेऊन जायचं नाही. खरं म्हणजे भाऊंनी कुठलीच पट्टी लावली नाही, फक्त शब्द धुऊन इस्त्री करून दिले.

---

डेक्कनवरून | सोमवार, सकाळी ८:४७

माझं मत लोकांना आवडणार नाही, तरी लिहिते. प्रमाण मराठीत आणून देणं इतकं वाईट आहे का? काकूंना ती कविता कुठे छापायला पाठवायची असेल तर? ‘सपरी’ मला अजूनही नीटसं कळलेलं नाही. शिवाय बोलीच म्हणायची तर ‘काढते’चं ‘काहाडते’ का नाही? ‘उंबरठ्यापाशी’ तर अगदी पुस्तकी आहे. अर्धी बोली, अर्धी प्रमाण, हे सैल वाटतं.

---

तर्रीपोहे | सकाळी ९:०२

सपरी म्हणजे घराच्या पुढचा उघडा, वरून छप्पर असलेला भाग. पुण्यात तिला आता ‘सेमी-ओपन सिट-आऊट’ म्हणत असतील, पस्तीस लाख वेगळे.

---

खडूडस्टर | सकाळी ९:४०

डेक्कनवरून ताईंचा दुसरा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, तो चांगला आहे. ‘काढते’ आणि ‘इचारते’ एका कवितेत का, हे काकूंना विचारण्यासारखंच आहे. फक्त ते विचारायचं. उत्तर आपणच लिहून द्यायचं नाही. मी चौतीस वर्षं वर्गात पाहिलं, पोरं घरी ‘मले’ म्हणतात आणि निबंधात ‘मला’ लिहितात. काकूंच्या तोंडात दोन्ही मराठ्या एकाच वेळी असणार. त्या कवितेत कोण कुठे बोलतं ते पाहा: माय काम करते ते प्रमाणात आलंय, आणि तपन तोंड उघडते तेव्हा ‘इचारते’. मला तरी ते चुकून झालेलं वाटत नाही. पण हा माझा अंदाज. काकूंनाच विचारा.

छापण्याबद्दल म्हणाल, तर बहिणाबाई आठवा. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये त्यांच्या गाण्यांचं पुस्तक आलं, आणि ते त्यांच्याच बोलीत आलं. सोपानदेव स्वतः कवी होते. आईची भाषा ‘शुद्ध’ करून द्यायला त्यांना एक दुपार पुरली असती. नाही केली, म्हणून ते पुस्तक आपल्यापाशी आहे.

दुसरी एक जुनी आठवण काढतो, म्हाताऱ्याला सहन करा. १९२३ साली आपला विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. त्याच वर्षी पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश वगैरे मंडळींचं रविकिरण मंडळ निघालं. रविवारी चहाला जमायचं आणि एकमेकांना कविता वाचून दाखवायच्या. तुमच्या प्रतापनगरच्या गटासारखंच, फक्त कूलर नसावा. १९२५ मध्ये अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ काढून त्या काळच्या कवितेची भरपूर टर उडवली. मला नेहमी वाटतं, टर उडवणाऱ्यानं त्या कविता किती बारकाईनं वाचल्या असतील! कोणाची लकब कोणती, कोण कोणत्या शब्दाला चिकटतो, कुठे उसासा टाकतो, सगळं पाठ असल्याशिवाय विडंबन जमत नाही. ‘अप्रतिम’ म्हणणाऱ्याला कविता वाचावीसुद्धा लागत नाही.

आपल्या जुन्या काव्यशास्त्रात रसिकाला ‘सहृदय’ म्हटलंय. शाळेत हा शब्द ‘दयाळू’ अशा अर्थानं शिकवला जातो, मीही तसाच शिकवला. दयेचा त्यात काही संबंध नाही. कवीच्या हृदयाशी ज्याचं हृदय जुळतं तो.

---

अजनीवाली | दुपारी १:१५

ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, त्यामुळे विस्कळीत होईल.

मी कवितेबद्दल काही ठरवायच्या आधी दोनदा वाचते आणि बघते, दुसऱ्यांदा कुठे थांबले. काकूंच्या कवितेत मी ‘पायरी पायरीनं’ला थांबले. आमच्या अजनीच्या रेल्वे क्वार्टरचं दार पश्चिमेला होतं. दुपारी बारानंतर ऊन आधी रस्त्यावर, मग फाटकाशी, मग पहिल्या पायरीवर. आम्ही बहिणी खडूनं खुणा करायचो, आता इथवर आलं म्हणजे अडीच वाजले. ती घड्याळ-पायरी मी पन्नास वर्षांत कुणाच्या कवितेत वाचली नव्हती. काकूंची सपरी पश्चिमेचीच असणार, पैज लावते.

आणि ती तपन घरात घुसत नाही, विचारते. शेजारची पोर उंबऱ्यात उभी राहून विचारते तशी. एवढी जीवघेणी गोष्ट, पण मायच्या घरी येताना तिला परवानगी लागते. माय उत्तर देत नाही, सरकी काढत राहते. मला त्या गप्प राहण्यातच मायचा सगळा दरारा दिसला.

दुसरं कडवं. इथे मला खरं सांगायचंय, आणि काकू हे वाचतील हे धरूनच सांगते. पहिल्या कडव्यात मायला हात आहेत, बोटं आहेत, त्यांत कापूस आहे. दुसऱ्यात तिची मूर्ती झाली. मूर्तीला सरकी काढता येत नाही. ‘त्याग’, ‘काटे’, ‘सुखाचे मळे’ हे कुणाच्याही आईबद्दल लिहिता येईल, माझ्या आईबद्दलही. तपन मात्र एकाच मायला विचारून आत येते. मला काकूंना विचारावंसं वाटतं: दुसरं कडवं लिहिताना तुम्ही सपरीतच होतात का, की उठून दुसरीकडे गेलात?

बर्डीवरचे दादा, गंमत अशी की तुम्ही जिथे गोल केलात तिथेच कविता होती आणि जिथे बरोबरची खूण केलीत तिथे ती नव्हती.

---

बर्डीवरचा | दुपारी १:२२

अगदी बरोब्बर मारलंत. लागलं.

---

फुटाळ्याकाठचा | दुपारी ४:१०

एक उपप्रश्न. ‘समजली नाही’ हा अभिप्राय द्यावा का? या शहरात दुर्बोध म्हणून गाजलेले कवी ग्रेस राहिले, त्यामुळे आम्हा नागपूरकरांना न समजण्याची सवय आहे, थोडा अभिमानही आहे. पण खरोखर कळलं नाही आणि लोकलाजेनं मान डोलावली, असं मी निदान शंभर वेळा केलंय.

---

लगागा | दुपारी ४:३८

द्यावा की. फक्त कुठवर समजली ते सांगावं. “तिसऱ्या ओळीपर्यंत तुमच्याबरोबर होतो, चौथीत ‘ती’ म्हणजे कोण ते सुटलं,” यावर कवीला काही करता येतं. नुसतं ‘समजली नाही’ म्हणजे तोंडावर दार लावणं झालं. आणि कधी कधी न समजलेली ओळच रात्री झोपताना आठवते. मग तेही सांगावं. ग्रेस वाचताना माझं कितीदा तसं झालंय.

---

निंबोणी | रात्री ९:५५

मी पहिल्यांदाच लिहितेय. दोन वर्षं कविता करतेय, इथे फक्त वाचते.

तुम्ही सगळे देणाऱ्यांच्या बाजूनं बोलताय, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूचं थोडं. मी कुणाला कविता पाठवते तेव्हा खाली लिहिते, ‘प्लीज खरं सांग’. खोटं लिहिते. रात्री साडेअकराला पाठवलेली कविता असते, तेव्हा मला फक्त ‘पोचली’ एवढंच हवं असतं. आठवड्यानंतर तीच कविता मला स्वतःलाच खटकते आणि तेव्हा मला लगागा सरांसारखं कुणीतरी हवं असतं. आता मी मैत्रिणीला पाठवताना आधीच सांगते, आज पोच दे, चिरफाड रविवारी. तीही तसंच करते. भांडणं कमी झाली.

अजून एक. कुणी म्हणतं, ‘तुझी कविता वाचून मला माझी आजी आठवली,’ आणि मग तीन परिच्छेद त्यांच्या आजीबद्दल. माझी कविता कुठे राहिली? अजनीवाली ताईंनीपण क्वार्टरच्या पायऱ्या सांगितल्या, पण त्या लगेच काकूंच्या उंबरठ्यावर परत आल्या. तो फरक मला आज कळला.

---

तर्रीपोहे | रात्री १०:०१

‘आज पोच, चिरफाड रविवारी.’ हे आमच्या घरी स्वयंपाकालाही लागू करतो. बायकोले विचारून सांगतो.

---

डेक्कनवरून | रात्री १०:२०

प्रमाणभाषेबद्दलचं माझं म्हणणं मागे घेते. बोलीच्या सरमिसळीचा प्रश्न मात्र मागे घेत नाही, काकूंना नक्की विचारा. आणि त्या सिट-आऊटबद्दल: आमच्याकडे बेचाळीस लाख आहे.

---

बर्डीवरचा | शनिवार, संध्याकाळी ७:३०

काल मानेवाड्याला जाऊन आलो. पेन घरी ठेवून. हा धागा मोबाईलवर मोठ्यानं वाचून दाखवला, तर्रीपोहेंच्या शेऱ्यांसकट. त्या शेऱ्यांवर काकू सर्वांत जास्त हसल्या.

मग मी त्या पोराचा राहिलेला प्रश्न विचारला: सरकी कशासाठी काढायची?

काकूंनी अर्धा तास सांगितलं. त्यांच्या मायला देवाच्या वातींसाठी जिनिंगमधला कापूस चालायचा नाही. घरच्या पऱ्हाटीची चांगली बोंडं ती आधीच वेगळी काढून ठेवायची आणि उन्हाळ्याच्या दुपारी, झोप येऊ नये म्हणून, एकेक सरकी बोटांनी काढायची. नखांच्या कडा चिरायच्या. सरकी खाली जर्मनच्या गंजात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, टाकायची, तिचा टक् टक् आवाज यायचा. काकू आणि भाऊ आत जमिनीवर निजलेले असायचे आणि त्या आवाजावरून माय जागी आहे हे कळायचं. हे काहीच कवितेत नाही. मी तोंड उघडणार होतो, ‘हे घाला ना!’ कसाबसा आवरलो. नुसतं म्हटलं, काकू, तो आवाज मला इथे बसून ऐकू आला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.

अजनीवालींची पैज: सपरी पश्चिमेचीच. जिंकलात.

‘इचारते’बद्दल विचारलं. म्हणाल्या, “लिवतानी शाळा आठवते, बोलतानी माय आठवते. दोघीबी येतात.” खडूडस्टर सरांचा अंदाज तसा बरोबरच निघाला, पण त्यांच्याहून सोप्या शब्दांत.

आणि दुसरं कडवं. अजनीवालींचा प्रश्न मी जसाच्या तसा वाचला, सपरीतच होतात की उठून गेलात? काकू म्हणाल्या, ते कडवं आधीचं आहे. मायच्या तेरवीला लिहिलं होतं, सगळ्या नातेवाइकांसमोर वाचलं होतं, त्यांचा मोठा भाऊ, जो कधी रडला नाही, तो रडला होता. पहिलं कडवं आलं त्यानंतर सहा वर्षांनी, याच मार्चमध्ये, मुलाच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ऊन सरकताना पाहून. मग दोन्ही एकाच कागदावर उतरवलं, कारण दोन्ही मायचीच.

यावर मी काय बोलणार? ते कडवं काढा असं म्हणायची माझी हिंमत नाही, आणि आता तसं वाटतही नाही. त्याला त्याचं घर आहे, तेरवीच्या मांडवात. काकू स्वतःच म्हणाल्या, “मंग दोन कागदं करावं लागन.” आणि कॅलेंडरचा दुसरा महिना फाडला.

निघताना त्यांनी पहिलं कडवं पुन्हा लिहून दिलं. एक ओळ त्यांनी आपणहून काढून टाकली आहे. मी शब्दालाही हात लावलेला नाही:

सपरीत बसून माय
कापसातली सरकी काढते.
तपन पायरी पायरीनं
उंबरठ्यापाशी येते.
आत येऊ काय?

उद्याच्या बैठकीला येतो म्हणाल्यात.

---

लगागा | रात्री ८:०४

‘अन् इचारते’ गेलं. वा! डेक्कनवरून ताईंची सरमिसळसुद्धा त्यातच मिटली. पण आता आत येऊ का, हे नक्की कोण म्हणतंय, तपन की काकू, असं मला दुसऱ्या वाचनात झालं. ते मुद्दाम आहे का?

---

अजनीवाली | रात्री ८:२६

मलाही तसंच झालं. दादा, उद्या भेटल्यावर माझा एक विचारून या: पायऱ्या किती होत्या?